बेळगावहून परदेशी निघताना: दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाची खरी वेळ कशी काढायची

लंडनला लेकीकडे, दुबईला कामावर, अमेरिकेत नातवंडांकडे निघालेल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लांब किती आणि तास किती? फोनला विचारलं की आकडा लगेच येतो. बेंगळूर ते हीथ्रो, साडेदहा तास. आकडा बरोबरच असतो, पण तो एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा असतो. वडगावच्या घरापासून लेकीच्या दारापर्यंतचा नसतो. त्याच आकड्यावर गाडी सांगायची, रजा काढायची आणि तिकडं न्यायला येणाऱ्याला वेळ कळवायची, इथून घोळ सुरू होतो.

दरवर्षी तेच चुकतं म्हणून हा हिशेब टप्प्याटप्प्यानं लिहितो आहे. क्रम बदलू नका. मागचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा बरोबर येत नाही.

तयारी: आधी कागदावर काय उतरवायचं

तिकिटाची प्रिंट समोर ठेवा. फोनच्या छोट्या पडद्यावर हा हिशेब करू नका, कारण सुटण्याची वेळ वर दिसते, पोहोचण्याची खाली जाते आणि तारीख कुठंतरी बारीक अक्षरात राहते. कोरा कागद घेऊन त्यावर चार रकाने आखा: ठिकाण, तिथली वेळ आणि तारीख, भारतीय वेळ आणि तारीख, शेरा. प्रवासातलं प्रत्येक सुटणं आणि प्रत्येक पोहोचणं वेगळ्या ओळीत लिहा.

तिसरा रकाना, म्हणजे भारतीय वेळ, हाच या सगळ्याचा कणा आहे. सुरुवातीला तो रिकामा ठेवा. चौथ्या टप्प्यात भरायचा आहे.

टप्पा १: विमानतळ नेमका कोणता?

शहराचं नाव वाचून पुढं जाऊ नका, तीन अक्षरी कोड वाचा. आपल्या सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचा कोड आयएक्सजी, हुबळीचा एचबीएक्स, कोल्हापूरचा केएलएच, बेंगळूरचा बीएलआर.

गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. दाबोळी पणजीच्याही पलीकडं वास्कोजवळ, तर मोपा पेडण्यात, सावंतवाडीच्या बाजूला. मोपावरून प्रवासी विमानं जानेवारी २०२३ पासून सुटू लागली, तरी आपल्याकडं अजून नुसतं 'गोवा एअरपोर्ट' म्हणून गाडी सांगितली जाते आणि ड्रायव्हर सवयीनं दाबोळीचा रस्ता धरतो. पणजीच्या पुढं गेल्यावर हे लक्षात आलं तर परत फिरण्यात तासाभराहून अधिक जातो.

मुंबईतही आता सहारचा विमानतळ वेगळा आणि नवी मुंबईचा वेगळा. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, न्यूयॉर्ककडं जेएफके आणि नेवार्क. अशा शहरात विमान बदलायचं असेल, तर उतरण्याचा कोड आणि पुन्हा सुटण्याचा कोड सारखाच आहे का ते बघा.

⚠ दोन कोड वेगळे निघाले तर त्याला विमान बदलणं म्हणत नाहीत. तो मधला एक रस्त्याचा प्रवास आहे. त्यासाठी तुम्हाला त्या देशाच्या हद्दीत शिरावं लागतं, म्हणजे तिथला व्हिसा लागतो. तिकीट काढायच्या आधीच हे बघा.

टप्पा २: अंतर काढा

विमानाचं अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट आहे. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर बेंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन टिंबांना दोरा ताणून लावा. दोरा पॅसिफिक महासागरावरून न जाता पार वर, उत्तर ध्रुवाच्या बाजूला सरकेल. दोऱ्याच्या वाटेनं हे अंतर साधारण १४,००० किलोमीटर भरतं. नकाशावरच्या सरळ रेषेनं गेलो तर ते १६,१०० च्या घरात जातं. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळूर हे पहिलं थेट विमान ध्रुवावरून आलं, ते याच कारणानं.

आपल्याला लागणारी काही सरळ अंतरं, थोडी पूर्णांकात आणून:

- सांबरा ते बेंगळूर: ४४५ किलोमीटर
- सांबरा ते मुंबई: ४०५ किलोमीटर
- सांबरा ते दिल्ली: १,४३५ किलोमीटर
- मोपा ते दुबई: २,२०० किलोमीटर
- मुंबई ते हीथ्रो: ७,२०० किलोमीटर
- बेंगळूर ते हीथ्रो: ८,०५० किलोमीटर

नेहमीची चूक एककाची. काही ठिकाणी अंतर मैलांत दिलेलं असतं, काही ठिकाणी सागरी मैलांत. साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. बेंगळूर ते हीथ्रो एका ठिकाणी ५,००० आणि दुसऱ्या ठिकाणी ४,३५० दिसलं तर गोंधळू नका. अंतर एकच आहे, माप वेगळं आहे.

टप्पा ३: अंतरावरून उडण्याची वेळ

मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी साधारण ८५० ते ९०० किलोमीटर वेगानं जातं. ढोबळ हिशेब असा: किलोमीटरला ८५० नं भागा आणि वर अर्धा-पाऊण तास घाला. हा जादा वेळ धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि उतरल्यावर जागेवर येऊन थांबणं यासाठी. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबलं तिथपर्यंतची असते.

सांबरा ते दिल्ली: १,४३५ भागिले ८५० म्हणजे १ तास ४१ मिनिटं. त्यात ४० मिनिटं मिळवली की २ तास २१ मिनिटं.

जवळच्या पल्ल्याला हा हिशेब जपून वापरा. पंख्यांचं एटीआर विमान असेल तर वेग ताशी ५०० च्या आसपास असतो. तेच ४४५ किलोमीटर जेटनं तासाभरात होतात, तर एटीआरला सव्वा तास ते दीड तास लागतो. विमान कोणतं आहे ते तिकीट काढताना लिहिलेलं असतं.

दोन कारणांनी आकडा बदलतो. एक वारा. वरच्या थरात वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं. त्यामुळं भारतातून युरोपला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. लंडनच्या पल्ल्याला हा फरक पाऊण-एक तासाचा असतो. दुसरं कारण बंद हवाई हद्द. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडू लागला. म्हणून जुन्या तिकिटावरची किंवा शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेली वेळ धरू नका.

✔ तपासा: तुमचा हिशेब आणि तिकिटावरचा कालावधी यांत दीड तासाहून अधिक फरक येतो का? येत असेल तर एक तर मध्ये थांबा आहे आणि तो तुम्ही पाहिला नाही, नाहीतर पुढच्या टप्प्यात आहे ती घड्याळाची चूक झाली आहे.

टप्पा ४: घड्याळाचा हिशेब

सगळ्यात जास्त माणसं इथं चुकतात, म्हणून इथं सावकाश चला.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. विमान बेंगळूरहून दुपारी १:३० ला सुटलं आणि हीथ्रोला संध्याकाळी ७:३० ला पोहोचलं असं दिसलं, तर वजाबाकी करून 'सहा तास' म्हणू नका. जुलै महिना असेल तर लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. तिथले संध्याकाळचे ७:३० म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे १२. दुपारी १:३० ते रात्री १२, म्हणजे साडेदहा तास.

परत येताना उलटं दिसतं. हीथ्रोहून रात्री ८:३० ला निघालेलं विमान बेंगळूरला दुसऱ्या दिवशी सकाळी १०:४५ ला पोहोचतं. नुसती वजाबाकी केली तर सव्वाचौदा तास. पण लंडनचे ८:३० म्हणजे आपल्याकडचे मध्यरात्रीनंतरचे १. तिथून १०:४५ पर्यंत पावणेदहा तास.

आता कागदावरचा तिसरा रकाना भरा. प्रत्येक ओळीतली वेळ भारतीय वेळेत आणा आणि तारीखही आणा. भारतीय घड्याळाशी फरक असे आहेत:

- दुबई, अबुधाबी: दीड तास मागं
- दोहा: अडीच तास मागं
- लंडन: उन्हाळ्यात साडेचार तास मागं, हिवाळ्यात साडेपाच
- न्यूयॉर्क, टोरांटो: उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा
- सॅन फ्रान्सिस्को: उन्हाळ्यात साडेबारा तास मागं, हिवाळ्यात साडेतेरा
- सिंगापूर: अडीच तास पुढं

गाव आपल्या मागं असेल तर तिथल्या वेळेत फरक मिळवा, पुढं असेल तर वजा करा. दुबई, दोहा आणि सिंगापूरचे फरक वर्षभर तेच राहतात. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं घेतात. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेचं घड्याळ बदललेलं असतं आणि लंडनचं नसतं. दिवाळीनंतर परतीचं तिकीट असणाऱ्यांनी तर हे जरूर बघावं. गेलात एका फरकानं आणि येताय दुसऱ्या फरकानं, असं सहज होतं.

⚠ तारीख. मध्यरात्रीनंतरचं विमान हे सगळ्यात महागात पडतं. तिकिटावर '१५ तारीख, ००:४०' असेल तर १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर असायला हवं आणि बेळगाव १४ च्या सकाळी सोडायला हवं. माझ्या सख्ख्या मामा-मामींनी १५ तारखेच्या दुपारी बॅगा बांधून खानापूरहून गाडी काढली होती. निघण्याआधी निरोप घ्यायला म्हणून मला फोन केला तेव्हा विमान जाऊन बारा तास झाले होते. दोघांची तिकिटं वाया गेली, आणि मामींनी त्या दिवशी जे रडून घेतलं ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून कुणाचंही तिकीट हातात आलं की मी आधी तारीख आणि वेळ एकत्र मोठ्यानं वाचतो, आणि '१४ ची रात्र' असं कागदावर मराठीत लिहून देतो.

टप्पा ५: मधला थांबा

थेट विमान नसेल तर मध्ये किती वेळ मिळतो ते भारतीय वेळेच्या रकान्यातूनच मोजा. अंतर जवळचं असो की लांबचं, थांबा एकूण वेळेत तीन-चार तास सहज घालतो.

पहिला प्रश्न: सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये आहे का? असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी राहते. सांबरा ते बेंगळूर एका कंपनीचं आणि पुढं लंडनचं दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट असेल तर ती जबाबदारी कुणाचीच नसते. बेंगळूरला बॅगा घेऊन बाहेर यायचं, आंतरराष्ट्रीय विमानासाठी टर्मिनल २ ला जायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. अशा वेळी मध्ये पाच तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. पावसाळ्यात ढग खाली उतरले की सांबऱ्याचं विमान अडकू शकतं. जून ते सप्टेंबर या काळात मी तर वेगळ्या तिकिटावर त्याच दिवशीचं विमान घ्यायला कुणालाच सांगत नाही.

वेगळं तिकीट असेल तर सामानाचं वजनही वेगळं धरतात. परदेशी विमानात २३ किलोच्या दोन बॅगा चालतात म्हणून माणसं तेवढं भरतात, आणि सांबऱ्याच्या काउंटरवर १५ किलोची मर्यादा निघते. तिथं बॅगा उघडून बसण्यात वेळही जातो आणि पैसेही.

अमेरिकेत मध्ये विमान बदलायचं असेल तर सामान सहसा पहिल्याच विमानतळावर ताब्यात घेऊन तपासणीनंतर पुन्हा द्यावं लागतं. तिथं दीड तासाचा थांबा कागदावर पुरेसा दिसतो, प्रत्यक्षात पुरत नाही.

टप्पा ६: घरापासून विमानतळापर्यंत

विमानाचं अंतर सरळ असतं, आपला रस्ता घाटाचा असतो. म्हणून इथं किलोमीटर बघू नका, तास बघा.

*गोवा.* मोपाला जायचं तर आंबोली उतरून सावंतवाडीमार्गे, दाबोळीला जायचं तर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि साखळी. खानापूर, लोंढ्याकडच्या माणसांना अनमोडही पडतो. उन्हाळ्यात तीन-साडेतीन तास पुरतात. पावसाळ्यात पाच धरा. दरड येते, झाड पडतं, एखादा ट्रक वळणावर अडकतो आणि घाटात मागं फिरायला जागा नसते. निघण्याच्या दिवशी सकाळी घाट सुरू आहे का ते त्या बाजूच्या माणसाला फोन करून विचारा. नकाशावर रस्ता निळा दिसतो म्हणून भरवसा ठेवू नका.

*बेंगळूर.* रस्त्यानं सुमारे ५०० किलोमीटर. रात्रीची बस नऊ-दहा तास घेते, पण ती शहरात सोडते आणि विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीला आहे. शहरातल्या मॅजेस्टिक बसस्थानकाहून तिथं जायला सकाळच्या गर्दीत दीड तास लागू शकतो. स्वतःची गाडी असेल तर शहरात शिरूच नका. तुमकूर सोडल्यावर नेलमंगलच्या अलीकडं दाबसपेठला डावीकडं वळा आणि दोड्डबळ्ळापूरवरून थेट देवनहळ्ळी गाठा. ड्रायव्हरला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत आहे. ती पहाटे निघून दुपारी पोहोचते, साडेआठ तासांच्या आसपास. रात्रीच्या विमानाला ती सोयीची आणि दुपारच्या विमानाला निरुपयोगी. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तो वार बघून घ्या. सकाळी किंवा दुपारी विमान असेल तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस किंवा बसच बरी.

*मुंबई.* निपाणी, चिकोडी, संकेश्वरची माणसं बहुधा मुंबईच धरतात. कागलपासून साताऱ्यापर्यंत महामार्गाच्या रुंदीकरणानं जागोजागी गाडी वळवावी लागते, त्याचे दोन तास जादा धरा. पनवेल आलं म्हणजे पोहोचलो असं समजू नका. नवी मुंबईचं विमान असेल तर खरंच पोहोचलात. सहारचं असेल तर खरी गर्दी अजून पुढंच आहे.

✔ तपासा: टोलनाका, चहा, जेवण आणि म्हाताऱ्या माणसांसाठी दर दोन तासांनी थांबणं हे धरलं आहे का? गाडी एकदाही न थांबता जाईल या हिशेबावर एकही प्रवास होत नाही.

टप्पा ७: शेवटाकडून मागं या

आता सगळं जोडायचं. घरातून निघण्याच्या वेळेपासून मोजायला लागू नका, विमान सुटण्याच्या वेळेपासून मागं या. जुलैतलं वरचंच विमान घेऊ, बेंगळूरहून दुपारी १:३० चं. ही वेळ उदाहरणासाठी धरली आहे, तुमच्या तिकिटावरची घाला.

१. विमान: १:३०
२. टर्मिनलच्या दारात: तीन तास आधी, सकाळी १०:३०
३. राखीव वेळ: दोन तास, म्हणजे ८:३० ला पोहोचण्याचा बेत
४. शहरातून विमानतळ आणि मध्ये तोंड धुणं, नाश्ता: दोन तास, म्हणजे बस ६:३० पर्यंत बेंगळुरात
५. बस: दहा तास, म्हणजे आदल्या रात्री ८:३० ला बेळगावहून
६. येळ्ळूर-वडगावच्या घरातून: संध्याकाळी ७:३०

आता पुढं मोजा, सगळं भारतीय वेळेत. संध्याकाळी ७:३० ते दुसऱ्या दिवशी दुपारी १:३०, म्हणजे १८ तास. विमान साडेदहा तास. हीथ्रोला पासपोर्टची रांग आणि सामान दीड तास. लेकीच्या घरापर्यंत गाडी एक तास. एकूण ३१ तास. फोननं सांगितलेले साडेदहा तास त्याच्या एक तृतीयांश आहेत. गोळ्या, औषधं आणि खाणं या ३१ तासांना पुरेल असं हातातल्या बॅगेत ठेवा. मधुमेह असणाऱ्या माणसानं इन्सुलिनच्या वेळा भारतीय घड्याळावर ठेवायच्या की तिकडच्या, हे डॉक्टरांना तोच कागद दाखवून आधी ठरवून घ्यावं.

⚠ राखीव दोन तास 'वाया जातात' म्हणून कापू नका. घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, एवढ्या लवकर जाऊन काय करायचं? हिशेब ज्यानं केला आहे त्यानं तिथं ठाम राहायचं.

टप्पा ८: परतीचा कागद वेगळा

जातानाचा कागद उलटा करून परतीला वापरू नका. वारा बदलतो, घड्याळाचा फरक बदललेला असू शकतो, आणि भारतात पासपोर्टची व कस्टमची तपासणी पहिल्या विमानतळावर होते. पुढं सांबऱ्याचं विमान असलं तरी बेंगळूरला सामान सहसा हातात घ्यावं लागतं, म्हणून तिथं चार तास ठेवा.

न्यायला येणाऱ्याला विमान उतरण्याची वेळ कळवू नका, बाहेर येण्याची कळवा. १०:४५ ला उतरणारं विमान असेल तर 'साडेबाराला दारात' असं सांगा, आणि त्यापुढं वार लिहा. अमेरिकेहून निघालेला माणूस शनिवारी निघून सोमवारी पहाटे पोहोचतो, आणि बेळगावहून आलेली गाडी रविवारपासून विमानतळाबाहेर उभी असते, असं दोनदा झालेलं मला माहीत आहे. कागदाची एक प्रत घरात देवघराजवळ चिकटवा आणि एक ड्रायव्हरच्या हातात द्या.